खुफियाकाका आणि मिल्क कुकर

त्या सोमवारी कंपनीने जाहिरात विभाग बंद केला. विभागात आम्ही चौघं होतो. प्रत्येकाला एक पाकीट मिळालं. दुपारी आम्ही घरी निघालो.

बाकीच्यांनी पाकीट फोडून मजकूर वाचला. खुफियाकाकांनी आतला कागद आधी खिडकीच्या उजेडात धरला, बोटांनी चाचपला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "कागद भारी वापरलाय, अक्का. म्हणजे घाईत नाही, ठरवून केलेलं काम आहे." मग त्यांनी मजकूर वाचला, तोही खालून वर. पत्राची खरी गोष्ट शेवटी असते आणि वरचा भाग तुम्हाला तिथवर गाफील ठेवण्यासाठी लिहिलेला असतो, असं त्यांचं मत होतं.

मी त्यांच्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान, तरी ते मला अक्काच म्हणायचे. त्यांचं घराणं मूळचं परभणीकडचं. निजामाच्या काळात वडील हैदराबादला आले आणि मलकपेठेत स्थिरावले. गल्लीतल्या लोकांनी काकांना खुफिया, म्हणजे गुप्त पोलीस, असं नाव ठेवलं होतं. नवा दूधवाला, नवा भाडेकरू, गॅसची टाकी आणणारा नवा माणूस, कोणीही त्यांच्या चौकशीतून सुटत नसे. त्यांचं खरं नाव मी इथे लिहीत नाही. नाव छापून कोणाचा काय फायदा आहे, हे त्यांनी आधी विचारलं असतं.

आमची कंपनी पंखे बनवायची. माल मराठवाड्यात जायचा, म्हणून हैदराबादच्या कारखान्यात मराठी लिहिणारी दोन माणसं, काका आणि मी, ठेवलेली होती. दिल्लीत धोरण बदललं, बाजारात बाहेरच्या कंपन्यांचे पंखे आले आणि आमची गरज संपली. काकांना त्याचं आश्चर्य वाटलं नाही. "दोन वर्षं झाली, साहेब आपल्या कॅलेंडरवर नवीन पंख्याचा फोटो मागत नव्हते," एवढंच ते म्हणाले.

माझी अडचण वेगळी होती. हैदराबादेतल्या नल्लकुंट्याच्या घरात मी आणि आई अशा दोघीच. आईचं सगळं आयुष्य त्या गल्लीत गेलेलं. शेजारणींशी तेलुगूत बोलत बसणं, दुपारी त्यांच्या पापडांना हातभार लावणं, हेच तिचं जग. पुण्याच्या भावाने फोन करून सांगितलं की संक्रांतीपर्यंत नियमित काम लागलं नाही, तर घर भाड्याने देऊन दोघींनी पुण्याला यायचं. मला ते प्रेमाचं बोलणं वाटलं. काकांना मी सांगितलं, तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला. "पुण्यात तुमच्या आईला खोली कोणती, ते विचारलंत का?"

मला राग आला. तरी दोन दिवसांनी एसटीडी बूथवरून मी भावाला विचारलं. तो जरा थांबला आणि म्हणाला, हॉलमध्ये काहीतरी करू. त्या क्षणापासून मला हैदराबादेतच काम मिळवायचं होतं.

काकाही रिकामेच होते, म्हणून मिळून शोधायचं ठरलं; पण काम मिळवणं म्हणजे काय, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. नांदेड, परभणी, लातूरकडे माल पाठवणारे व्यापारी शोधायचे आणि त्यांना मराठी जाहिरात, हस्तपत्रक, डब्यावरचा मजकूर लिहून द्यायचा, एवढं ठरलं. मी सरळ दुकानात शिरायची. गल्ल्यावरचा माणूस मला वरपासून खालपर्यंत बघायचा आणि विचारायचा, "आफीस कां है?" ऑफिस नाही म्हटलं की तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायचा. एकाने तर मी दिलेला नमुना चारदा उलटून पाहिला, मागच्या बाजूला कुठेतरी वर्गणी मागितली असेल म्हणून. आमच्यावर कोणाचा विश्वास नव्हता, आणि काकांचा कोणावरच नव्हता. अशा स्थितीत धंदा कसा होणार, हे मला कळेना.

काकांची रीत मात्र ठरलेली होती. ज्याच्यासाठी लिहायचं, त्याच्याकडे ते आधी गिऱ्हाईक म्हणून जात आणि एखादी वस्तू विकत घेत. आठवड्याने तीच वस्तू परत करायला नेत आणि दुकानदार काय करतो ते बघत. तो खेकसला, पावती मागत बसला किंवा नोकरावर ढकलून मोकळा झाला, तर ते दुकान बाद. त्याने नीट ऐकून घेतलं, तरच तिसऱ्या खेपेला आम्ही लिहिणारे म्हणून जायचं. मलकपेठेच्या रेसकोर्सवरून जाताना ते मला म्हणाले होते, "आत जाताना सगळे सारखेच दिसतात. माणूस बाहेर येताना बघावा." वस्तू परत नेणं हे त्यांच्या दृष्टीने बाहेर येणाऱ्या माणसाला बघणं होतं.

या परीक्षेत बहुतेक जण नापास होत. सिकंदराबादला एकाने संगणक शिकवण्याचे वर्ग काढले होते. भिंतीवर नोकरीची हमी लिहिलेली, शिवाय पहिला महिना फुकट. मराठवाड्यातल्या मुलांसाठी त्याला मराठी पत्रक हवं होतं, आणि ते काम मला मिळण्यासारखं होतं. काका तिथे मुलीचे वडील बनून गेले, दोन तास बसले आणि बाहेर येऊन म्हणाले, "यंत्रं चार आहेत, त्यातली दोन झाकलेली. झाकलेल्यांना वायरच नाही." फुकट या शब्दाचा त्यांना विशेष संशय होता. फुकट म्हणजे किंमत दुसरीकडे कुठेतरी लिहिलेली आहे, ती शोधा, असं ते म्हणत. इराणी हॉटेलात वेटर न मागता समोशांची ताटली आणून ठेवतो, खाल्लं तेवढ्याचे पैसे घेतो. काका ती ताटली उचलून शेजारच्या रिकाम्या टेबलावर ठेवत, मगच चहा बशीत ओतत.

लिहितानाही ते असेच. माझ्या मजकुरातली विशेषणं एकेक करून खोडायचे. "विशेषण म्हणजे पेटीतला वरचा आंबा, अक्का. तो दाखवायचा असतो. खालचे सांगा." मी चिडून विचारायची की मग उरतं काय. ते म्हणायचे, उरतं ते खरं.

दसऱ्यापर्यंत दोनच जण परीक्षा पास झाले, एक अगरबत्तीवाले आणि एक पाण्याचे पंप विकणारे. कामं छोटी होती, पण काकांचा त्या दोघांवर असा विश्वास बसला की मला नवल वाटे. ज्या माणसाने सख्ख्या साडूला घराची किल्ली दिली नसती, तो अगरबत्तीवाल्यांबद्दल बोलताना आवाज खाली आणायचा. "परत घेतली पुडी. एक शब्द बोलले नाहीत."

मग पाळी आली सिकंदराबादच्या नरसिंगरावांची. त्यांचं भांड्यांचं ठोक दुकान होतं आणि माल नांदेडच्या बाजारात जायचा. त्यांना मराठी हस्तपत्रकं आणि वर्तमानपत्रांच्या जाहिराती वर्षभर लागणार, असं मला पंपवाल्यांकडून कळलं होतं. हे काम मिळालं असतं, तर आईला पुण्याच्या हॉलमध्ये झोपावं लागलं नसतं. मी काकांना विनवलं की या वेळी सरळ जाऊ. ते म्हणाले, "सरळ जायचं तर मग आपण काय विकतोय?"

त्यांनी तिथून मिल्क कुकर घेतला. दोन भिंतींचं पातेलं, मधल्या जागेत पाणी भरायचं, दूध तापलं की शिट्टी वाजते आणि दूध उतू जात नाही. आठवड्याने तो परत करायला गेले. नेहमीचा राखाडी सफारी, हातात रेक्झिनची बॅग. शिट्टी वाजत नाही अशी तक्रार केली. संध्याकाळी आमच्या घरी आले तेव्हा त्यांचा चेहरा फुललेला होता. नरसिंगराव गादीवरून उठले, थंड मागवलं, नवा डबा फोडून दुसरा कुकर दिला आणि निरोप द्यायला दारापर्यंत आले.

"दारापर्यंत आला, अक्का."

 पण माझ्या मनात आलं की एका मिल्क कुकरसाठी ठोक व्यापारी दारापर्यंत कशाला येतो? इतक्या दिवसांत काकांचा गुण मला लागला होता, आणि नेमक्या त्याच वेळी तो त्यांना सोडून गेला होता.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं गेलो. काकांनी तो कुकर बॅगेत घेतला होता, नमुन्याचा मजकूर समजावून सांगायला बरा म्हणून. आम्हाला पाहताच नरसिंगराव उभे राहिले. त्यांच्या मुनीमाने न सांगता बिलांच्या फायली आणून गल्ल्यावर ठेवल्या. काकांनी त्या फायलींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी आमचं काम सांगितलं. आम्ही मराठीत जाहिराती लिहितो, नमुने आणले आहेत.

नरसिंगराव हळूहळू खाली बसले.

"मतलब आप लोगां सेल्स टॅक्सवाले नै?"

काका म्हणाले, "नै."

"इन्कम टॅक्स?"

"नै."

नरसिंगरावांनी मुनीमाला तेलुगूत काहीतरी सांगितलं. मुनीम तोंडावर हात धरून हसला आणि फायली उचलून आत घेऊन गेला. मग कळलं की हा सफारीवाला, बॅगवाला, वस्तू घेऊन जाणारा आणि परत आणणारा माणूस बाजारात बऱ्याच जणांना माहीत होता. तपासणीवाला आहे, उलट बोलायचं नाही, असं एकाने दुसऱ्याला सांगितलं होतं. अगरबत्तीवाल्यांचं दुकान तिथून जवळच होतं.

काकांचा चेहरा मी आजही विसरू शकत नाही. ज्या माणसाने जन्मभर सगळ्यांवर संशय घेतला, त्याच्यावरही सगळे संशयच घेत होते आणि ते त्यालाच माहीत नव्हतं. मला वाटलं, आता ते उठतील, आपण निघून जाऊ, आणि संक्रांतीला पुणे.

त्यांनी बॅग उघडली. कुकर बाहेर काढून गल्ल्यावर ठेवला.

"शिट्टी बजती थी," ते म्हणाले. "मैं झूट बोला था. अब मैं कौन हूं आपको मालूम है. आफीस नै, नौकरी नै. अब वापस लेते क्या?"

नरसिंगरावांनी कुकर हातात घेतला, शिट्टी काढून पाहिली, पुन्हा बसवली. 

"नै लेता," ते म्हणाले. "कायकू लेना? खराबी क्या है उसमें?"

"कुछ नै."

"दूध उबल को गिरता?"

"नै गिरता."

"तो वहीच लिखो ना, साब. मेरेकू दुसरा क्या होना?"

आम्ही रस्त्यावर आलो. काका बसस्टॉपकडे चालू लागले. त्यांचा नियम मला माहीत होता. बसस्टॉपवर ते म्हणाले, "परत घेतलं नाही, अक्का."

मी हो म्हटलं.

"पण घाबरूनही घेतलं नाही. खरं ते बोलला." बस आली, ती त्यांनी जाऊ दिली. "हे काम घ्या. आणि हा कुकर आईला द्या. आमच्याकडे कोणाला शिट्टीचा भरवसा नाही."

पत्रक मी लिहिलं, त्यांनी खोडलं. शेवटी उरलं ते असं: दूध तापलं की शिट्टी वाजते. दूध उतू जात नाही. नांदेडला ते चाललं. नरसिंगरावांचं काम पुढे कित्येक वर्षं येत राहिलं आणि त्यांच्या ओळखीने आणखी मिळालं. आई शेवटपर्यंत नल्लकुंट्यातच राहिली.

अगरबत्तीवाल्यांनी पुडी प्रामाणिकपणे परत घेतली होती की घाबरून, हे काका कधी विचारायला गेले नाहीत. एवढी एक गोष्ट त्यांनी न तपासता सोडून दिली. सफारी मात्र बंद केला. साध्या शर्ट-पायजम्यात ते वस्तू परत करायला जात राहिले, आणि आता दुकानदार त्यांना हाकलून देत. त्याचं त्यांना समाधान होतं. आता खरी उत्तरं मिळतात, असं सांगत.

गेल्या वर्षी ते दवाखान्यात होते. नर्सने दिलेल्या गोळीच्या पट्टीवरची तारीख वाचल्याशिवाय गोळी घेत नसत. मुलगा बंगळूरहून आला होता. त्याने आणि डॉक्टरांनी ठरवून त्यांना सांगितलं होतं की थोडा अशक्तपणा आहे, आठवड्यात घरी जाल. मी भेटायला गेले तेव्हा मुलगा औषधं आणायला खाली गेला होता. काकांनी मला जवळ बोलावलं.

"थोडा अशक्तपणा म्हणतात. थोडा हा शब्द मला पटत नाही. तुम्ही सांगा. विशेषण नको."

आदल्या दिवशी डॉक्टर मुलाशी बोलत होते, ते मी ऐकलं होतं. मी म्हटलं, "आता बरं व्हायचं नाही, काका."



"हौ," ते म्हणाले. "हे तपासायची गरज नाही."

त्यानंतर दिलेली गोळी त्यांनी माझ्या हातून घेतली. पट्टी मागितली नाही.

नरसिंगराव गेले, त्यांच्या दुकानाच्या जागी आता मोबाइल मिळतात. नल्लकुंट्याच्या घरात मी एकटी आहे. मिल्क कुकर माझ्याकडे आहे. सकाळी दूध तापतं, शिट्टी वाजते.