खिशावरचं चाक

आमच्या विहीणबाईंइतका कंपन्यांचा हाडवैरी अख्ख्या नाशिक जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. मूळच्या येवल्याच्या. जन्मभर पैठणीच्या मागावर बसून मोर आणि राघू विणले. नवरा गेल्यावर लेकीकडे, म्हणजे आमच्याच घरी, नाशकात राहायला आल्या. सोबत एक ट्रंक आणि सुयांची डबी. कुठल्याही वस्तूवर कंपनीचं चिन्ह दिसलं की यांचे हात शिवशिवायचे. फ्रिजवरचं नाव त्यांनी सुरीने खरवडलं, सफरचंदांवरचे कागद सोलले, आणि फळीवरच्या सगळ्या पिशव्या भिंतीकडे तोंड करून ठेवल्या. मी म्हटलं, "अहो, आता मीठ कुठलं आणि पिठीसाखर कुठली, कसं कळायचं?"

"जिभेवर ठेवा की! जीभ हाय ना तुम्हाला? घरभर तर ऐकू येते."

कपड्यांचं तर विचारूच नका. माझ्या मुलाच्या महागड्या शर्टावर छातीशी इवलासा हत्ती होता. बाईंनी तो उसवून तिथे राघू बसवला. मुलगा रडायच्या बेतात. "अहो आई, त्या हत्तीचेच तर पैसे घेतले होते!"

"मंग त्याचा दोरा डबीत ठेवलाय. खिशात घालून फिरा, जावईबापू." आणि वर मला ऐकवलं, "त्यांची पाटी आपण छातीवर मिरवायची? मी एवढी लुगडी विणली, एकावर तरी माझं नाव होतं का?" 

मग आमच्या नातीला ओझरच्या बाजूला एका कारखान्यात नोकरी लागली. निळा शर्ट मिळाला, खिशावर कंपनीचं दातेरी चाक. पहिल्या दिवसाच्या आदल्या दुपारी मी भाजी घेऊन आले, तर चाकाच्या जागी राघू! नात पांढरीफटक. "आजी, चिन्ह नसेल तर गेटवरून आत सोडत नाहीत गं!"

"माझी नात हाय तू, कंपनीची नाय."

मी भाजीची पिशवी आपटली. "तुमच्या हट्टापायी पोरीची नोकरी जाईल. बसा, आणि करा पहिल्यासारखं!"

मला वाटलं, आता भांडण. पण बाईंनी नातीकडे एकदा पाहिलं, मोबाईलवर चाकाचं चित्र मागितलं आणि चष्मा चढवला. राघू उसवला. जुन्या टाक्यांची भोकं धरून संध्याकाळपर्यंत चाक भरलं. तोंड चालूच. "बारा दात, अन् एक बी सरळ नाय. कुणी काढलंय हे? त्याला आणा इकडं."

दुसऱ्या दिवशी पोरगी हसतच घरी आली. गेटवर कुणी अडवलं नव्हतं. फक्त तिचे साहेब खिशाजवळ वाकून म्हणाले होते, "तुझंच चाक एवढं सुबक कसं? आणि मधे हे काय आहे?" चाकाच्या मधल्या भोकात तिळाएवढा राघू बसला होता. मी बाईंकडे पाहिलं. त्या शेंगा सोलत होत्या.

आता इतक्या वर्षांनी कंपनीचं चिन्ह बदललंय, नवं छापील असतं. काचबिंदूने बाईंचे दोन्ही डोळे गेले. वस्तूंवरची नावं शाबूत राहतात, घर दुकानासारखं दिसतं. नात संध्याकाळी तो जुना शर्ट घालून त्यांच्याजवळ बसते. बाई खिसा चाचपतात, एकेका दातावरून बोट फिरवतात आणि मधोमध थांबतात. "हं, हे माझं," म्हणतात. नातीला म्हणतात की राघूला, ते मी विचारलेलं नाही.

शर्टाची कोपरं विरली आहेत. दुसरा कुठला असता तर मी केव्हाच त्याचं फडकं केलं असतं.