अडीच वाजताची लाईट

मामा गेल्यानंतर साधारण महिन्याने मशीन पहिल्यांदा आपोआप सुरू झालं.

मामा म्हणजे माझे सासरे. राहू गावाजवळच्या आमच्या वस्तीवर घराला लागूनच त्यांचं पत्र्याचं शेड होतं. तिथं ते दारं, चौकटी, पलंग बनवायचे. शेडच्या मधोमध लाकूड कापायचं मशीन होतं. लोखंडी टेबल, त्यातून वर आलेलं गोल दातेरी पातं आणि खाली मोटर. आम्ही सगळे त्याला कटर म्हणायचो. मामा दौंडला लाकूड आणायला गेले असताना छातीत कळ येऊन गेले. कटरचा त्यात काही संबंध नव्हता. हे आधीच सांगते, कारण पुढे लोकांनी तो जोडला.

त्या दिवसांत आमच्याकडे मोटरी चालवणारी थ्री-फेज लाईट दुपारी बाराला जायची आणि अडीचच्या सुमारास यायची. मी ओट्यावर लसूण सोलत बसले होते. नवरा भांडगावला एका घराच्या खिडक्या बसवायला गेला होता. शेडमध्ये कुणी नव्हतं. आणि एकदम कटरचा आवाज आला. आधी घरघर, मग चढत चढत बारीक होत गेलेली शीळ.

माझ्या हातातला लसूण हातातच राहिला. मामा असताना रोज याच वेळी हा आवाज यायचा. जेवून जरा पडायचे, लाईट आली की उठायचे, कटर चालू करायचे आणि लाकूड न लावता क्षणभर नुसतं ऐकत उभे राहायचे. डॉक्टर छाती ऐकतो तसे.

मी पळत गेले. शेडची कडी बाहेरून लावलेली होती. ती काढून आत पाहिलं तर पातं फिरत होतं. इतक्या जोरात की जागच्या जागी थांबल्यासारखं दिसत होतं. टेबल रिकामं. पत्र्याच्या भोकांतून आलेल्या उन्हाच्या काड्यांमध्ये भुसा तरंगत होता, जणू आत्ताच कुणीतरी फळी कापून बाहेर पडलं होतं. मी खांबावरचा खटका वर केला. पातं पुरतं थांबेपर्यंत मला तिथून हलता आलं नाही.

"तुम्ही खटका चालू ठेवून गेलात," संध्याकाळी मी नवऱ्याला म्हटलं.

"मी? मी बंद करून, दोनदा बघून गेलो."

चार दिवसांनी पुन्हा तेच झालं. मग एक दिवसाआड, पुढे रोजच होऊ लागलं. शेजारच्या वस्तीवरचे आप्पा दाराचं माप द्यायला आले होते. पूर्वी त्यांच्या घरी मेंढरं होती, आता ऊस आहे. मामांचे ते जुने सोबती. त्यांच्यासमोरच, ओट्यावर चहा पिताना, बंद शेडमध्ये कटर सुरू झालं. आप्पांनी कप खाली ठेवला.

"ह्यो त्याचाच हात हाय," ते हळूच म्हणाले. "मला आवाजावरनं कळतंय."

नवरा चिडला. "आप्पा, आमच्यात भूतबित मानत न्हाईत. मामुली लाईनीचा घोटाळा असंल."

खरंच आमच्या घरात मानत नाहीत. मामा स्वतः विहारात पोरांना सांगायचे, भुतं डोक्यात असतात, बाहेर नसतात. पण आप्पा गेल्यावर नवरा शेडमध्ये एकटा गेला नाही. मला म्हणाला, "चल जरा, टॉर्च धर." भर दुपारी.

लग्नाआधी मी पाबळला वर्षभर वायरिंगचं काम शिकले होते. त्यामुळे मी भुताच्या आधी खटक्याकडे पाहिलं. खटका जुना होता पण चांगला होता, मधेच ढिला पडत नव्हता. मग मी तो बंद करून वर काळी चिकटपट्टी लावली. दुसऱ्या दिवशी अडीचला कटर सुरू झालं. जाऊन बघते तर चिकटपट्टी कुणीतरी सोलून, सुरकुती न पडू देता, बाजूच्या खांबावर नीट चिकटवून ठेवली होती. पुन्हा वापरता यावी म्हणून. मामा तसंच करायचे. वापरलेला खिळासुद्धा ठोकून सरळ करून ठेवायचे. आणि टेबलाच्या कडेला एक कप होता. गार झालेला चहा, वर भुशाची साय.

चहा कुणाचा ते मला कळायला हवं होतं. तरी ते मान्य करायला मला आणखी एक दिवस लागला.

दुसऱ्या दिवशी दीडच्या सुमाराला मी स्वयंपाकघराच्या खिडकीआड उभी राहिले. नवरा जेवून झोपला होता. सासूबाई, मी त्यांना आत्या म्हणते, घरातून निघाल्या. हातात कप. शेडची कडी काढून आत गेल्या. मी अनवाणी मागून गेले आणि पत्र्याच्या फटीतून पाहिलं.

आत्यांनी कप ठेवला, पदराने टेबल पुसलं आणि खटका खाली केला. लाईट नव्हतीच, त्यामुळे काहीच झालं नाही. मग त्या लाकडाच्या ओंडक्यावर बसून बोलू लागल्या. थोडं बोलायच्या, थांबायच्या, मान हलवायच्या. समोरून उत्तर येत असावं तशा. एकदा हसल्या. एकदा म्हणाल्या, "व्हय, ठावं हाय मला. पर ऱ्हाऊ द्या एवढं." त्या ज्या जागेकडे बघून बोलत होत्या तिथं कुणी नव्हतं. तरी मी तिथं बघायचं टाळलं.

थोड्या वेळाने त्या उठल्या, बाहेरून कडी लावली आणि ओसरीत येऊन भिंतीला टेकून बसल्या. डोळे मिटलेले. अडीचला लाईट आली, कटरने घरघर सुरू केली, आणि आत्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी मामा गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

मी कुणाला काही बोलले नाही. हीच माझी चूक. पाबळला आम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की लाईट गेली म्हणजे मशीन बंद झालं असं समजायचं नाही. खटका चालू असला तर ते फक्त वाट बघत असतं. मला हे पाठ होतं. पण त्या बाईच्या तोंडावरचं ते समाधान काढून घ्यायला मन होईना. मी ठरवलं, रोज दोनला गुपचूप जाऊन खटका बंद करायचा. कधी करायचा, कधी पाच मिनिटं आवाज होऊ द्यायचा. दोन्ही सांभाळता येईल असं मला वाटलं.

आठवडाभर सांभाळलं. मग एका दुपारी गावात बचत गटाची बैठक लांबली. मी परत येत होते तेव्हा दोन वाजून गेले होते. वस्तीच्या वळणावर शेड दिसलं, दार सताड उघडं. आत नवरा कटरवर वाकला होता. भांडगावचं काम लवकर आटोपून आला होता आणि लाईट नाही तोवर पातं बदलून घेऊ म्हणून बसला होता. पात्यावरचं झाकण काढलेलं. डाव्या हाताने पातं धरलेलं, उजव्या हाताने पान्याने नट सोडवत होता.

मी ओरडले, "अहो, हात काढा!"

त्याला नीट ऐकू गेलं नाही. काय म्हणतेस, असं विचारायला तो सरळ झाला, माझ्याकडे वळला. दोन्ही हात सुटले, पाना नटावर तसाच अडकून राहिला. आणि त्याच वेळी, अडीचच्या बरंच आधी, लाईट आली.

पान्याचं काय झालं ते दिसलंच नाही. फक्त धाडकन आवाज झाला आणि समोरच्या पत्र्याला भोक पडून पलीकडचं ऊन आत आलं. पातं हिसके देत फिरत होतं. नवरा भुशात बसला होता. आपली दोन्ही हातांची बोटं तो एकेक करून बघत होता, लहान मूल मोजतं तसा. मी खटका वर केला.

वळले तर दारात आत्या.

"मी लावला व्हता," त्या म्हणाल्या. "रोज मीच लावती."

"मला माहीत होतं," मी म्हणाले.

नवऱ्याने आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग पुन्हा आपल्या बोटांकडे.

आत्या तिथंच खाली बसल्या. "रोज सांगत व्हते ते मला. खटका बंद कर, पोराचा हात जाईल. रोज. मी म्हनायची, एवढं ऱ्हाऊ द्या, तुमचा आवाज तरी येतो. आन् ऐकलं न्हाई मी त्यांचं."

शेडमध्ये आम्ही तिघंच होतो. तरी नवऱ्याने मान वर करून, आत्या बघत होत्या त्या ओंडक्यासमोरच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. या खेपेस मीही पाहिलं. पातं तेव्हा थांबत आलं होतं.

दुसऱ्याच दिवशी आम्ही दौंडहून स्टार्टर आणला. मीच बसवला. त्याला हिरवं आणि लाल अशी दोन बटणं असतात. लाईट गेली की तो आतून सुटतो आणि लाईट परत आली तरी कुणीतरी हिरवं बटण दाबल्याशिवाय मोटर फिरत नाही. मेन स्विचला कुलूप घातलं. पात्याला हात लावायचा तर आधी मेन बंद, कुलूप, आणि किल्ली ज्याचा हात आत जाणार त्याच्याच खिशात. नवरा माझ्याशी तीन-चार दिवस कामापुरतंच बोलला. मग एकदा किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाला, "आज झाकण तू बसव." तेवढंच.

स्टार्टर बसवल्यानंतरच्या पहिल्या दुपारी आत्या ओसरीत डोळे मिटून बसल्या होत्या. मी आत, पाण्याच्या मोटरीच्या बोर्डाकडे बघत होते. अडीचला तिथले लाल, पिवळा, निळा असे तिन्ही दिवे लागले, म्हणजे लाईट आली. शेडमधून काही आवाज आला नाही. आत्या बराच वेळ तशाच बसून राहिल्या, मग आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजल्या. मी त्यांच्या पाठीशी बसले. त्यांनी मागे न बघता माझा हात ओढून आपल्या दंडावर ठेवला.

पावसाळा सरताना आप्पा त्यांचं दार न्यायला आले. लाईट नव्हती. नवरा आत चहा सांगायला गेला, आणि आप्पा बोलता बोलता कटरपाशी गेले, पात्याच्या दातांवरून अंगठा फिरवू लागले.

"हात काढा, आप्पा," आत्या दारातून म्हणाल्या.

"लाईट कुठं हाय, वहिनी?" ते हसले.

आत्या हसल्या नाहीत. त्या आत आल्या, टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभ्या राहिल्या आणि आप्पांनी हात काढून मागे घेईपर्यंत त्यांच्याकडे बघत राहिल्या.