हद्दीबाहेरचा विमा

कोल्हापुरात माणूस महापालिकेच्या हद्दीबाहेर राहायला गेला की त्याला वाटतं, आता सगळंच स्वस्त होणार. मीही त्यातलाच. मंगळवार पेठेतल्या दोन खोल्या सोडून आम्ही नवरा-बायको हद्दीबाहेरच्या फ्लॅटवर गेलो आणि पुढच्याच महिन्यात मोटरसायकलच्या विम्याची मुदत आली. मी रुबाबात एजंटाकडे गेलो. म्हटलं, पत्ता बदललाय, तिकडं रहदारी कमी, हप्ताही कमी करा.

एजंट माझ्या वडिलांचे, अण्णांचे, तालमीतले दोस्त. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.

"पुण्यामुंबैला जाऊन तिथं गाडीची नोंद केली असतीस तर हप्ता वाढला असता. तू गेलायस पाच किलोमीटर. गाडी कोल्हापूरचीच की." मग कागद बघत म्हणाले, "आणि गाडी तर अण्णाच्या नावावर हाय. तुझ्या नावावर केलीस तर बोनस जाणार बघ."

तो बोनस मी विसरलोच होतो. अण्णांनी इतक्या वर्षांत विम्याकडं एकदाही भरपाई मागितली नव्हती, म्हणून त्यांना हप्त्यात घसघशीत सूट मिळायची. एकदा म्हशीनं मडगार्ड चेपवलं, तेही त्यांनी स्वतःच्या खिशातून सरळ करून घेतलं, रेकॉर्ड खराब नको म्हणून. ही सूट गाडीची नसते, मालकाची असते. म्हणजे घर बदलल्यानं हप्ता वाढत नव्हता. अण्णांपासून वेगळा झालो तर वाढणार होता.

आणि अण्णा तर माझ्याशी बोलतच नव्हते. दोन खोल्यांत धाकट्या भावाचा संसार धरून आम्ही सहाजण. बायकोची नोकरी एमआयडीसीत, तिला रोज दोन बस बदलाव्या लागायच्या. म्हणून तिच्या कामाजवळ घर घेतलं. पण अण्णांनी गल्लीभर सांगितलं, सुनेनं पोरगं पळवलं. आई असती तर तिनं सांभाळून घेतलं असतं, पण ती आधीच गेली होती. वास्तुशांतीला अण्णा आले नाहीत. त्यांच्यासाठी वाढलेलं ताट बायकोनं दुपार टळेपर्यंत झाकून ठेवलं होतं.

"जावा तुम्ही मामांकडं," बायको म्हणाली. "बोलायला निमित्त तरी मिळालं."

गेलो. अण्णांनी पेपरातून मान वर न काढता सगळं ऐकलं.

"ऱ्हाऊ दे माझ्या नावावर. पर दरसाली विम्याआधी गाडी मला दाखवायची. माझं नाव हाय तिच्यावर, कशीबी ठेवून चालायचं न्हाय."

तेव्हापासून सहा वर्षं मी परीक्षेला बसल्यासारखा पेठेत जात होतो. अण्णा चेन बघायचे, टायरला अंगठा लावायचे, हॉर्न वाजवून गल्ली जागी करायचे. शेवटी मागच्या बाजूला उकिडवे बसून मागच्या माणसाच्या पायाखालची दांडी हलवून बघायचे आणि स्वतःच्या पान्यानं आवळायचे.

"अण्णा, ती घट्टच हाय."

"तुला काय कळतंय? मागं बसणाऱ्याचा जीव असतोय तिच्यावर."

पहिल्या वर्षी काम पाच मिनिटांत आटपलं. दुसऱ्या वर्षी चहा मिळाला. पुढं जेवणही सुरू झालं. पण सुनेचं नाव त्यांनी काढलं नाही. संध्याकाळी घरी आलो की ती विचारायची, "माझं काही विचारलं का?" मी म्हणायचो, "विचारलं की, बरी हाय का म्हणाले." मला खोटं बोलता येत नाही हे तिला लग्नाआधीपासून ठाऊक होतं.

विमा उतरवायला अण्णा स्वतःच जायचे. पॉलिसीची झेरॉक्स मला द्यायचे आणि मी ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून सीटखाली कोंबायचो. पॉलिसी कोण वाचतं? मी तरी नाही वाचली.

यंदा अण्णांचा फोन आला. "गुडघं वाकंनात आता. कर गाडी तुझ्या नावावर. दोघंबी या."

दोघंबी! बायकोनं कपाटातली ठेवणीतली साडी काढली. आम्ही एजंटाकडं पोचलो तेव्हा अण्णा आधीच येऊन बसले होते.

एजंटानं जुना कागद मागितला. मी सीटखालून पिशवी काढून दिली. "अपघातात मालक गेला तर पैसे कुणाला द्यायचे, ते एक नाव लागतं," ते म्हणाले. "जुनंच ठेवू?"

"जुनं कुणाचं हाय?"

त्यांनी कागद आमच्याकडं फिरवला. नाव माझ्या बायकोचं होतं. पुढं नातं लिहिलं होतं, सून.

"तू पत्ता बदलायला आलतास, त्याच साली घातलंय. मी म्हटलं पोराचं घाल. तर म्हणाला, त्यो कागूद हरवून बसंल, तिचं घाल."

बायकोनं ते दोनदा वाचलं. सहा वर्षं ती माझ्या मागं त्याच कागदावर बसून फिरली होती. तिचे डोळे भरून आले, माझेही. अण्णा रस्त्याकडं बघत बसले होते.

"त्यात काय एवढं," ते म्हणाले. "पोरगं येंधळं हाय, म्हणून घातलं."

बोनस गेला, हप्ता वाढला. कोथिंबिरीच्या जुडीसाठी घासाघीस करणाऱ्या मी हसत पैसे भरले. बोनसच्या त्या नियमाचे माझ्यावर फार उपकार आहेत. तो नसता तर सहा वर्षांपूर्वीच गाडी माझ्या नावावर झाली असती, आणि पेठेत पाऊल टाकायला मला काही निमित्त उरलं नसतं.

बाहेर आल्यावर मी गाडी काढली. बायको मागं बसली नाही. अण्णांपुढं जाऊन उभी राहिली.

"मामा, तुम्ही बसा ह्यांच्या मागं. घर बघून घ्या. मी रिक्षानं येते."

अण्णांनी खाली पाहिलं. पायानं ती दांडी दोनदा दाबून बघितली.

"घट्ट हाय," ते म्हणाले, आणि तिचा हात धरून गाडीवर बसले.