तबकडीची पूजा

आमच्या घराण्यात गाणं विकत घेणारा माणूस मी एकटाच, आणि तेही एकदाच घेतलं.

कारण आई. लग्नाआधी तिने मुंबईला जाऊन एका रेकॉर्डसाठी गायलं होतं. गाणं गोदावरीवरचं. मुख्य गायिका दुसरीच, मागे कोरसला सहा मुली, त्यांतली एक आई. पण शेवटच्या कडव्यात एक ओळ तिची एकटीची! ही हकिगत तिने भजनी मंडळात इतक्यांदा सांगितली होती, की बायकांना ती आरतीसारखी पाठ झाली होती. रेकॉर्ड मात्र कोणीच पाहिली नव्हती, खुद्द आईनेसुद्धा नाही. शेवटी शेजारच्या सुमनकाकू एकदा सगळ्यांदेखत म्हणाल्या, "अगं, कोरसवालीला कधी एकटीची ओळ देतात का?" आई त्या दिवशी जेवली नाही. (चहा तीनदा घेतला, पण जेवली नाही.)

मी पेटून उठलो. मोबाइलवर जगातली सगळी गाणी फुकट सापडतात, हेच तेवढं सापडेना. महिनाभराने जुन्या रेकॉर्डी विकणारा एक गृहस्थ भेटला. त्याच्याकडे होती! किंमत साडेतीन हजार.

"एका गाण्याला?" माझी बायको माधवी म्हणाली. "तेवढ्यात वर्षभराची कोथिंबीर येते!"

"एका नाही, दोन. मागच्या बाजूला आणखी एक आहे."

"त्यात आई आहेत?"

"नाहीत."

"म्हणजे अर्धी वायाच की!" माधवीला भाजीवालेही घाबरून असतात, तिथे माझी काय कथा.

तबकडी आली. ती वाजवायची कशावर, हा विचार मी पैसे भरल्यानंतर केला. आमच्याकडे प्लेअर असण्याचं काही कारणच नव्हतं. द्वारका चौकात रेडिओ दुरुस्त करणारे एक अन्वरभाई आहेत. त्यांनी एक जुना प्लेअर एका दिवसापुरता दिला. "साहेब, सुई नवीन हाय. रेकॉर्डवर कचरा नाय पाहिजे बरं का!" त्यांनी दोनदा बजावलं. मी प्लेअर मांडीवर घेऊन रिक्षातून आलो. इकडे आईने संध्याकाळी पाचला अख्खं भजनी मंडळ बोलावलं होतं. सुमनकाकूंना तर स्वतः जाऊन सांगून आली होती.

घरात शिरलो तर उदबत्तीचा वास. देवघरासमोर पाट, पाटाभोवती रांगोळी, पाटावर तबकडी, आणि तबकडीवर, अगदी मधल्या कागदाला लागून, ओल्या कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक! वर हळद. वर अक्षता.

"आई! हे काय केलंस?"

"नवी वस्तू घरात आली, पूजा नको?" (खरं आहे. आमच्या फ्रिजवर स्वस्तिक आहे, स्कूटरवर आहे, गिझरवरही आहे.)

"अगं, निदान कव्हरवर काढायचं!"

"पूजा वस्तूची करतात, खोक्याची नाही," आईने मला शास्त्र सांगितलं.

तबकडीवर शेवटचं कडवं आत, त्या कागदाजवळच असतं, हे तिला कोण सांगणार? मी ओल्या फडक्याने पुसलं. माधवीने दात घासायचा नवा ब्रश आणला. अक्षता निघाल्या, हळद निघाली. कुंकू मात्र बारीक रेघांमध्ये जे बसलं ते बसलंच.

पाचला बायका आल्या. सुमनकाकू प्लेअरच्या समोरच बसल्या. मी देवाचं नाव घेऊन सुई टेकवली. गाणं सुरू झालं आणि आईचा चेहरा असा उजळला, की मला साडेतीन हजार स्वस्त वाटले. दोन कडवी झाली. तिसरं लागलं. कोरस आला, आता आईची ओळ... आणि सुई "खर्र, टक, खर्र" करत ती ओळ ओलांडून थेट पलीकडच्या कोरसवर उतरली. गाणं संपलं.

"आली का गं तुझी ओळ?" सुमनकाकूंनी गोड आवाजात विचारलं.

मी पुन्हा लावली. पुन्हा खर्र, टक. कोणीतरी खोकलं, कोणीतरी पदर तोंडाला लावला. आई खाली मान घालून बसली होती. धरणी दुभंगेल तर बरं, असं मला झालं. तरी तिसऱ्यांदा लावली. (आमच्यात हट्ट आहे, अक्कल नंतर येते.)

कोरस थांबला, सुई खरखरली, आणि आईने डोळे मिटून ती ओळ म्हटली. आवाज कापरा होता, पण सूर पक्का. तिचा शेवटचा शब्द संपायला आणि सुई पलीकडच्या कोरसवर उतरायला एकच गाठ पडली. तोच सूर धरून मागच्या पाच मुली पुढे गायल्या.  

सुमनकाकू पुढे सरकून म्हणाल्या, "तुझीच आहे गं ओळ. विजू, परत लाव."

चार वेळा लावली. चारही वेळा आई गायली.

बायका गेल्यावर माधवी कपबशा गोळा करता करता म्हणाली, "साडेतीन हजारांत आईंची ओळ सोडून सगळं गाणं मिळालं. परवडलं का?"

मी प्लेअरची वायर गुंडाळू लागलो. ती ओळ तर मला चांगलीच ओळखीची निघाली होती. आई ती रोज पहाटे पूजेची फुलं तोडताना माझ्या खिडकीखाली म्हणते, आणि मी रोज पांघरुणातून ओरडतो, "आई, गप बस गं, झोपू दे!"