घट येईल म्हणून झाकलेली गाडी

गाडी गावात आली ती ट्रकवर बसून आली, स्वतःच्या चाकांवर नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी ओवाळणीचं ताट घेऊन फाटकात उभी होते आणि फोटोत माझी हनुवटी दुहेरी दिसेल का, या चिंतेत होते.

आमचे हे गलाईवाले. जुनं सोनं आटवून शुद्ध करून द्यायचं, तो धंदा. विट्याच्या आसपासच्या गावांतली कितीतरी घरं यापायी देशभर पांगलीत. आम्हीही तमिळ मुलखातल्या एका गावात उभं आयुष्य काढलं आणि इकडं माळावर, विट्याच्या रस्त्याला लागून, बंगला बांधून त्याला कुलूप लावलं. जत्रेला यायचं, कुलूप काढायचं, धूळ झाडायची, पुरणपोळी खायची, पुन्हा कुलूप. सोफ्यावरचं प्लास्टिक दुकानातनं आलं तसंच होतं. पाहुणा बसला की चरचर वाजायचं आणि उठला की त्याच्या पोटऱ्या चिकटलेल्या असायच्या. पण प्लास्टिक काढायचं नाही. सोफा खराब होईल.

हे सगळं एका शब्दापायी. घट. सोनं आटवलं की थोडं कमी भरतं. हाताला लागतं, मुशीला लागतं, भुईवर उडतं. ती घट. गलाईवाला देवाला भीत नाही तेवढा घटीला भितो. आमच्या दुकानात हात धुतलेलं पाणी गटारात जात नसे, हौदात साठवत. पायपुसणं फाटलं की ते जाळायचं आणि त्या राखेतनं सोनं काढायचं. हे मला कोण सांगणार? मी म्हसवडकडची, माणदेशातली; आमच्याकडं धूळ म्हणजे धूळ. लग्न होऊन तिकडं गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मी सगळं दुकान झाडलं आणि पाटीभर केर मागच्या उकिरड्यावर फेकून आले. वर आणखी पदर खोचून दारात उभी, सासरे कौतुक करतील म्हणून वाट बघत! सासऱ्यांनी दुकानात पाय टाकला, भुईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि मटकन खाली बसले. मग सासरे, हे आणि दोन कारागीर असे चौघं उकिरड्यात बसून कोंबड्यांना हाकलत केर वेचत होते, आणि आमची शहाणी सूनबाई खिडकीतनं विचारत होती, "काय हरवलं का?"

पण त्याच घटीला भिणाऱ्या माणसाला एक खोड होती. वेगाची. लग्नानंतर ह्यांनी स्कूटर घेतली. संध्याकाळी दुकान बंद झालं की मला मागं बसवून समुद्राकडच्या सरळ रस्त्याला काढायचे आणि मूठ जी पिळायचे! त्या परमुलखात आम्हाला ओळखणारं कुणी नाही, डोक्यावरनं पदर उडाला तरी बोलणारं कुणी नाही. दुसरी एखादी असती तर मनात लाडू फुटले असते. मी काय करायची? डोळे गच्च मिटायचे, स्टेपनी दोन्ही हातांनी धरायची आणि रस्ता संपेपर्यंत ओरडायचं, "हळू! हळू चालवा! आवं, हळू!" समुद्र किती सुंदर होता म्हणतात. मला काय ठाऊक, मी तो बघितलाच नाही. वर घरी येऊन फुगून बसायची. शेवटी ह्यांनी स्कूटर हळू चालवायला सुरुवात केली. मला वाटलं, जिंकले. कर्म माझं.

पुढं म्हातारपणी दुकान थोरल्या पोराच्या हातात दिलं आणि आम्ही इकडं बंगल्यात राहायला आलो. त्याच सुमाराला तिकडच्या एका व्यापाऱ्याची गाडी विकायला निघाली. परदेशी, तांबडी, दोनच माणसांची, भुईला चिकटलेली. अशा गाड्या आपल्या देशात बोटांवर मोजण्याइतक्या, असं थोरला म्हणाला. ह्यांनी आयुष्यात स्वतःसाठी घेतलेली ती एकच वस्तू. आत बसायचं म्हणजे विहिरीत उतरायचं आणि बाहेर निघायचं म्हणजे बाळंतपण. पण चालू झाली की छातीतच घुमायची.

चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, आणि हे निघाले. शाळेसमोर गावानं वर्गणी काढून बांधलेला गतिरोधक आहे, म्हशीच्या पाठीएवढा. गाडीची पुढची चाकं पलीकडं गेली आणि पोट वर टेकलं. खर्रर्र. तो आवाज मी फाटकात ऐकला. अख्खा गाव हसला. माणसांनी गाडी उचलून मागं घेतली. हे उतरले, भुईवर आडवे झाले, खाली हात घालून चाचपलं आणि बोटाला लागलेला तांबडा भुगा बघत राहिले.

"घट आली," म्हणाले.

त्या दिवसापासून गाडी बाहेर गेली नाही. तिच्यासाठी फरशीची खोली बांधली. वर मऊ कापडाचं पांघरूण, त्यावर आणखी एक. हे रोज दोन्ही काढून पुसायचे, पुन्हा घालायचे. माझ्या अंगावर एवढ्या वेळा कुणी पांघरूण घातलं नाही.

"रस्ता होऊ दे," म्हणायचे. "चौपदरी होणार हाय. सिमेंटचा. फाटकातनं निघाली की थेट वर. मग बघ."

"आवं, आमच्या म्हसवडात सिद्धनाथाचा रथ वर्षातनं एकदाच निघतो. पर निघतो तरी!"

"तो लाकडाचा हाय."

"मग ही काय तुपाची हाय?"

दर रविवारी सकाळी मात्र ती चालू करायचे, यंत्र जाम होऊ नये म्हणून. दार सताड उघडं ठेवून, तोंड भिंतीकडं. मी चहा घेऊन शेजारच्या खुर्चीत उतरायची. समोर भिंतीवर कॅलेंडर. आम्ही दोघं चहा पीत त्या कॅलेंडरकडं बघत बसायचो आणि हे म्हणायचे, "कराड आलं बघ."

"उतरा मग. मला वांगी घ्यायचीत."

"आता कुठली वांगी! पाटण गेलं मागं."

मी हसायची. तेव्हा हसू यायचं. वर्षं अशीच गेली, कॅलेंडर बदलत गेलं, आम्ही जागच्या जागी पाटणला जाऊन आलो.

रस्ता लवकर झाला नाही. आधी मोजणी, मग झाडं तोडली, मग खड्डे, मग नुसती खडी. आणि त्या खडीच्या दिवसांत ह्यांचे डोळे जायला लागले. आधी मला कळलं नाही. चहाचा कप बशीच्या शेजारी ठेवायचे. दाराच्या चौकटीला खांदा लागायचा. मग एका सकाळी बघितलं तर हे गाडीची एकच बाजू पुसतायत, दुसरीवर धूळ तशीच. मिरजेला नेलं. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते टिकवायचा प्रयत्न करू. परत येताना विट्याच्या अलीकडं हे एवढंच म्हणाले, "उरलेलं टिकवायचं म्हणं."

डोळे आहेत तोवर ह्यांनी ती गाडी एकदा, एकदाच, सगळा पाय दाबून पळवायला हवी होती. दुसरं काही मला नको होतं. मी थोरल्याला फोन लावला.

"आई, टायर जुने झालेत. रबर कडक झालंय. ते चालवायचे नाहीत."

"नवे मागव."

"बाहेरनं येतात, वेळ लागतो. आणि खरं सांगू? पळवायचीच कशाला? जेवढी कमी पळालेली तेवढी ती मोलाची. अशा गाड्या लोक हॉलमध्ये ठेवतात, नुसत्या बघायला."

"तुझ्या आबांना तेवढंच जमणार न्हाई रं आता. बघायला."

पोरगा वाईट नाही. टायर मागवतो म्हणाला. ह्यांनी फोन माझ्या हातातनं घेतला आणि म्हणाले, "नको. रस्ता व्हायचाय अजून." मला त्या घडीला ह्यांच्या पाठीत धपाटा घालावासा वाटला. सोनं तिजोरीत शंभर वर्षं झाकून ठेवा, सोनंच राहतं. रबराला ते कुठलं ठाऊक? तेलाला कुठलं ठाऊक? गाडीला घट चालवून येत नव्हती, उभी राहून येत होती. डोळ्यांचंही तेच. पण आयुष्यभर ज्या हातांनी पायपुसण्याच्या राखेतनं सोनं वेचलं, त्या हातांना हे सांगायचं कुणी? आणि मी सांगावं? स्टेपनी धरून बसणारीनं?

रस्ता झाला. चौपदरी, सिमेंटचा, परटाघडीच्या धोतरासारखा. आमच्या फाटकासमोरनं सरळ, एकही गतिरोधक नाही. तोवर ह्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं.

मी सांगलीच्या मिस्त्रीला बोलावलं. चांगला माणूस, वर्षातनं एकदा येऊन गाडीचं तेल बघून जायचा. त्यानं दोन दिवस खपून ती चालू केली. उंदरांनी वायरी खाल्ल्या होत्या, पेट्रोलला वार्निशासारखा वास येत होता. टायर तेच, भेगा पडलेले.

"आजी, चालंल. पर पळवायची न्हाई हं. टायर फुटला तर आबा आन् मी दोघं बी उसात."

"जरा तरी पळव रं बाबा."

"थोरल्या मालकांचा फोन आलाय. चाळीसच्या वर न्यायची न्हाई म्हणून सांगितलंय. माझी बी पोरंबाळं हायती."

गाडी दोघांची. मिस्त्री चालवणार, हे शेजारी बसणार, म्हणजे मला जागा नाही. ह्यांनी सकाळी आंघोळ केली, इस्त्रीचा सदरा घातला, डोळे गेलेले असून काळा चष्मा लावला. मी म्हटलं, "हिरो दिसताय." मिस्त्रीनं धरून आत बसवलं. ह्यांनी हातानं समोरचं सगळं चाचपलं. मग काचेतनं माझ्या दिशेनं, थोडं चुकीच्याच दिशेनं, बघून म्हणाले, "तू ओरडू नको."

"आवं, मी बाहेर हाय."

"तरी बी."

मी फाटकात उभी राहिले. साखर कारखान्याचा हंगाम होता. गाडी रस्त्याला लागली, अंगावर ऊन पडलं आणि मला कळलं की उन्हात तिचा रंग मी बघितलाच नव्हता. किती तांबडी होती! मनात म्हटलं, आता दाब रं, एकदा दाब. मी चक्क ओरडले, भर रस्त्यात, या वयात: "पळवा! आवं, पळवा!"

गाडी चालली होती. बैलगाडीपेक्षा बरी, एवढंच. मागनं उसाचा ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्या लावलेला, वर मोठ्यानं गाणी. तो बाजूला सरला, एकदा हॉर्न मारला आणि त्या गाडीला मागं टाकून पुढं निघून गेला. वरनं उसाच्या शेंड्याची दोन वाढी तिच्या टपावर पडली. पार लांब वळणापर्यंत मला दिसत होतं. पुढं ट्रॅक्टर, मागं ही.

परत आले तेव्हा ह्यांना बाहेर काढताना सदरा पाठीला चिकटला होता. मिस्त्री माझ्याकडं बघत नव्हता. मी हात धरून ह्यांना ओसरीवर आणलं.

"लय पळाली," मी म्हटलं. "दिसंचना मला. नुसती तांबडी रेघ."

ह्यांनी काळा चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणाले, "गाणं ऐकू आलं मला. मागनं आलं आन् पुढं गेलं."

एवढंच. खोटं बोलायला मी कधी कचरले नाही, पण त्या दिवशी तोंडात दुसरं खोटं आलं नाही.

दिवाळीनंतर थोरल्यानं गाडी दिली. घेणाऱ्याचा माणूस आला, हातमोजे घालून आत बसला, मीटर बघून खूष झाला. ट्रकवर चढवली, वरनं पांघरूण घातलं. आली तशी गेली. आता ती म्हणे एका मोठ्या हॉलमध्ये आहे, काचेच्या आड, खालनं दिवे. तिथं ती कुणाला कराडला नेत नाही.

ती गेली त्या दिवशी दुपारी मी सोफ्यावरचं प्लास्टिक फाडलं. आधी कात्रीनं, मग हातानं. आतलं कापड नव्यासारखं होतं. बसले तर खाली गेले. आतल्या स्पंजाचा भुगा झाला होता. मऊ पिवळा भुगा, फरशीवर पसरला. मी तो झाडला नाही. कशाला झाडायचा, यात काय सोनं निघणार आहे?

हे आता दिवसभर ओसरीवर, रस्त्याकडं तोंड करून बसतात. कानावरनं गाड्या ओळखतात. हा टेम्पो, ही एसटी, हा रिकामा ट्रॅक्टर. मी शेजारी बसून भाजी निवडते. परवा रविवारी सकाळी लांबनं एक आवाज आला, वाढत वाढत. कुणीतरी पाय पार खाली दाबला होता. हे ताठ झाले. त्यांचा हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट बसला. आवाज समोरनं सूं करून गेला आणि वळणापलीकडं विरला.

"आपली व्हय गं?"

रस्त्यावरनं गेली ती कुणाची तरी साधी पांढरी गाडी होती, मागं बारशाची फुलं लावलेली.

"न्हाई," मी म्हटलं.

"पर पळाली."

"व्हय. ती पळाली."

त्यांनी हात सोडला. मी मेथीची जुडी उचलली. निवडून झालेलीच होती, मी पुन्हा निवडत बसले.