शेवटचा पंचम

संगीतशाळेतल्या पोरी त्याला पंचमकाका म्हणायच्या आणि हा त्यांच्यावर डाफरायचा, "काका असेन तुमच्या घरी!" पण नाव काही खोटं नव्हतं. पियानो सुरात लावणारा माणूस दिवसभर करतो काय, तर पंचम लावतो. 'सा'पासून 'प'पर्यंतचं ते अंतर. गाणाऱ्यांसाठी पंचम म्हणजे टेकायला भरवशाचा सूर, कवींसाठी कोकिळेचा गळा, शाळेच्या मोठ्या बाईंसाठी फळ्यावरची व्याख्या. याच्यासाठी मात्र ते मोजमाप होतं. एका सुरावरून त्याचा पंचम लावायचा, त्यावरून पुढचा, आणि असे बारा झाले की फेरी पुरी होऊन पुन्हा पहिल्या सुरावर यायचं.

ग्यानबाची मेख इथेच आहे. बाराही पंचम अगदी शुद्ध लावले तर फेरी जुळतच नाही, सूर पुढे निघून जातो. म्हणून प्रत्येक पंचम केसभर कमी ठेवायचा. केसभर म्हणजे किती? दोन सूर एकत्र वाजले की आवाजात एक मंद लाट उठते, ती पाच सेकंदांत तीनदा आली पाहिजे. ती लाट मोजून या माणसाने एकतीस वर्षं घर चालवलं.

आणि आज सकाळपासून तिसऱ्यांदा फेरी घालूनही शेवटचा पंचम शेपटीवर पाय पडलेल्या कुत्र्यासारखा केकाटला. एक वाजता मुलींची परीक्षा होती.

"खुंट्या सैल झाल्यात," तो लेकीवर खेकसला. "आणि इथे लादी पुसतात की पूर आणतात? लाकूड फुगणार नाही तर काय!"

लेक नऊ वर्षं त्याच्या हाताखाली होती. तुटलेल्या तारा बदलायची, झिजलेल्या हातोड्या नीट करायची. पण सूर लावायची किल्ली त्याने तिच्या हाती कधी दिली नव्हती. त्याला कान लागतो, म्हणायचा.

"बाबा, खुंट्या घट्ट आहेत," ती म्हणाली. "तुमचे सगळे पंचम शुद्ध लागलेत. लाट उरलीच नाहीये. म्हणून सगळा फरक शेवटी साचतोय."

"वा गं शहाणी! आता तू मला शिकव! प्रत्येकात लाट मोजून ठेवलीय मी."

"मग हा ऐका." तिने त्याच्या हातातली किल्ली जवळजवळ ओढूनच घेतली, शेवटच्या पंचमाची खुंटी जराशी फिरवली आणि दोन पट्ट्या दाबल्या.

त्याने सवयीने डोळे मिटले, कान लाकडाला लावला. बोट झाकणावर ठेका धरू लागलं. "एक... दोन... तीन. आहे की नाही लाट? उगाच आपलं काहीतरी!"

त्याने डोळे उघडले तर पोरीचे डोळे भरलेले.

"बाबा, हा मी मुद्दाम शुद्ध लावला होता. यात लाट नाहीच."

खोटारडी म्हणून ओरडायला त्याने तोंड उघडलं, पण ती खोटं बोलत नाही हे त्याला ठाऊक होतं. गेल्या वर्षात दोन जुन्या गिऱ्हाइकांनी बोलावणं बंद केलं होतं. त्यांना कवडीची अक्कल नाही, मोबाइलवर सूर लावतात लेकाचे, असं तो चारचौघांत सांगत फिरला होता. आता त्याला स्वतःच्या कानांचा असा संताप आला की धरून उपटावेत. डोळ्यात तेल घालून जपले होते मेल्यांना! जाताना सांगून तरी जायचं.

दारात मोठ्या बाई आल्या. "पंचमकाका, दहा वाजले. होईल ना एकपर्यंत?"

होईल, असं म्हणायला तो गेला. लेक किल्ली त्याच्यापुढे धरून उभी होती. त्याने ती घेतली नाही.

"हिला विचारा," तो चिडूनच म्हणाला. "मला ऐकू येत नाही."