लाट्या आणि वयाचा दाखला

शोभाच्या पापडांच्या कारखान्यात सुट्टीपुरतं काम मिळावं म्हणून माझी पंधरा वर्षांची नात मुक्ता दारात उभी होती. शोभा तिचा वयाचा दाखला न्याहाळत म्हणाली, "आईची संमती लागेल. आणि संध्याकाळी सातच्या आत घरी!"

मला गंमत वाटली. मुक्ताहून लहान असताना मी याच गल्लीत पापड लाटायला जायचे. वय कुणी विचारलंच नाही. मजुरी म्हणजे उडदाच्या पिठाच्या, तेलात बुडवलेल्या लाट्या. मी बाईसाहेब लाटायचे कमी, गिळायचे जास्त! तेव्हा नियम असते, तर ते माझ्यापासून पिठाला वाचवायला करावे लागले असते. खेळ कुठं संपतो नि काम कुठं सुरू होतं, हे नियमाला कसं कळत असेल?

"मग घेतेस ना?" लाट्यांच्या परातीकडे हात नेत मी विचारलं.

"हिला घेते," शोभा परात मागे ओढत म्हणाली, "आजीला मनाई."